पहिला अल्बम आधी, की दौरा आधी?

संबळकरी: आमचा पाच जणांचा बँड गोंधळ आणि जागरणाच्या चालींवर स्वतःचे शब्द बांधून संबळ, तुणतुणे, दोन गिटार आणि ड्रम्स यांच्या साथीने गातो. आठ गाण्यांच्या पहिल्या अल्बमपैकी तीन गाणी आम्ही स्टुडिओत, प्रत्येक वाद्य वेगळे आणि कानात क्लिक (लय धरून ठेवणारा एकसारखा ठोका) घेऊन मुद्रित केली. पण अंगणात वाजवताना जी गाणी अंगात येतात, ती इथे जागची हलत नाहीत. शिल्लक पैशांत एक तर उरलेली पाच गाणी होतील, नाहीतर कोल्हापूर, पुणे, नाशिक, पणजी असा छोटा दौरा होईल. आधी काय करावे?

ध्वनीवेडा: घात क्लिकने केला आहे. गोंधळाची लय हळूहळू चढत जाते आणि संबळवाला ती गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून वाढवतो, त्यामुळे ती एका ठोक्याला जखडली की गाणे निर्जीव होते. सगळ्यांना एका खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसवून एकत्र वाजवा. संबळ गायकाच्या माइकमध्ये उतरणारच, म्हणजे गायकाची चूक नंतर सुधारता येणार नाही, हे मात्र आधीच मान्य करावे लागेल. तुणतुण्याची तार दर टेकपूर्वी, म्हणजे मुद्रणाच्या प्रत्येक फेरीआधी, तपासा, आणि शक्यतो पावसाळा टाळा, कारण दमट हवेत संबळाचे चामडे सैल पडते.

जुना_श्रोता: दिल्लीत 1990 मध्ये सुरू झालेल्या 'इंडियन ओशन' या बँडचा पहिला अल्बम 1993 मध्ये आला, पण 1997 चा 'डेझर्ट रेन' हे चक्क मैफलीचे मुद्रण होते, आणि मला तरी तोच अधिक जिवंत वाटतो. पुढे 2000 मधल्या 'कंदिसा'त त्यांनी नर्मदेचे गाणे घेतले, तेही बँडमधले राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले असल्यामुळे उसने वाटत नाही. आधी दौरा करा आणि त्यातलीच एक मैफल मुद्रित करा.

ध्वनीवेडा: दौऱ्याबद्दल सहमत आहे, परंतु काहीही न ऐकता तारीख देणारा आयोजक मिळणे कठीण असते. तीनपैकी त्यातल्या त्यात बरे गाणे आताच प्रसिद्ध करा.

संबळकरी: तसेच करू. मैफलीत आम्ही अण्णाभाऊ साठे यांचे एक गीतही म्हणतो. लोकगीत म्हणून ते अल्बममध्ये चालेल ना?

जुना_श्रोता: नाही. गोंधळाची पारंपरिक चाल कुणा एकाची नसते, पण शाहिराच्या लेखणीतून उतरलेले गीत लोकांच्या तोंडी रुळले म्हणून लोकगीत ठरत नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे किंवा ज्याला ते दिले असतील त्याच्याकडे राहतो. अण्णाभाऊ 1969 मध्ये गेले, म्हणजे 2029 अखेरपर्यंत लेखी परवानगी हवी. ती मुद्रणाआधीच घ्या; अल्बम निघाल्यावर मागायला गेलात तर बोलणी फार अवघड होतात.