हात आणि संधिवात यांच्या पुनर्वसनाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण कसे निवडावे?

प्रश्न

नमस्कार. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असून आजवर माझे काम प्रामुख्याने लहान मुलांबरोबर झाले आहे. लवकरच मला हाताच्या दुखापती आणि संधिवात यांच्या बाह्यरुग्ण विभागात रुजू व्हायचे आहे. सांध्यांची हालचाल मोजणे मला जमते. परंतु थर्मोप्लास्टिकचा (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, आखून, कापून रुग्णाच्या हातावर घडवण्याचे काम पदवीनंतर फारसे करावे लागलेले नाही, आणि आमवाताने (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या प्रकाराने) सुजलेला सांधा तपासताना बोटांनी किती दाब द्यावा हे वाचून समजत नाही. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक आहे दोन दिवसांची कार्यशाळा, जिच्यात खांद्यापासून बोटांपर्यंत सर्व विषय घेतले जातात. दुसरा पर्याय म्हणजे काही महिने आठवड्यातून एक दिवस अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणे. मात्र तेथे मनगट, हात आणि संधिवात एवढेच शिकायला मिळेल. यांतून निवड करताना काय पाहावे, आणि तोपर्यंत मी कशाचा सराव करावा?

प्रतिसाद १

माझ्या मते आपण दुसरा पर्याय निवडावा, आणि त्याचे मुख्य कारण असे की तेथे तोच रुग्ण आपल्याला पुन्हा पाहायला मिळेल. स्प्लिंट तयार झाला त्या क्षणी तो जवळजवळ नेहमीच चांगला दिसतो. मनगटाच्या करंगळीकडील हाडाच्या उंचवट्यावर तो टोचतो की नाही, पट्टा घट्ट झाल्याने बोटे सुजतात की नाही, रुग्णाला तो एका हाताने घालता-काढता येतो की नाही, हे तो काही दिवस वापरल्यावरच कळते. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सहकाऱ्याच्या निरोगी हातावर केलेल्या कामाला ही परीक्षा द्यावीच लागत नाही.

तरीही कार्यशाळा निवडायची झाल्यास आयोजकांना नेमके प्रश्न विचारावेत: एका शिक्षकामागे किती शिकणारे असतील, प्रत्येकाला स्वतंत्र साहित्य मिळेल का, आणि एकूण वेळेपैकी किती वेळ आपले हात प्रत्यक्ष काम करत असतील. शिक्षकांनी पडद्यावर दाखवलेले प्रात्यक्षिक कितीही उत्तम असले तरी त्यातून साहित्याचा स्पर्श कळत नाही. ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ झालेला थर्मोप्लास्टिकचा पत्रा ताणला गेला की पातळ होतो आणि नेमका वाकण्याच्या जागी कमकुवत राहतो. म्हणून तो बोटांच्या टोकांनी न दाबता संपूर्ण तळव्याने हातावर बसू द्यायचा असतो, आणि रुग्णाच्या त्वचेवर ठेवण्यापूर्वी पुसून स्वतःच्या मनगटावर त्याची उष्णता तपासायची असते.

सरावासाठी मनगटाला आधार देणारा साधा स्प्लिंट घ्या. त्याची लांबी अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) सुमारे दोन तृतीयांश असावी, आणि पुढची कड तळहातावरील बोटांकडच्या आडव्या रेषेच्या मागे संपावी, म्हणजे बोटांच्या मुळाचे सांधे पूर्ण वाकू शकतात. ही कड थोडीशी जरी पुढे गेली तरी मूठ अपुरी राहते आणि रुग्ण स्प्लिंट वापरणे सोडून देतो. स्प्लिंट काढल्यानंतर सुमारे २० मिनिटांनीही लालसर खूण तशीच राहिली, तर त्या जागी दाब जास्त आहे असे समजून दुरुस्ती करावी.

मोजमापाकडेही दुर्लक्ष करू नका. पकडीची ताकद डायनामोमीटरवर मोजताना खांदा शरीरालगत, कोपर ९० अंशांत आणि अग्रबाहू मध्यस्थितीत (अंगठा वर राहील असा) ठेवून तीन वाचनांची सरासरी घेतात. स्थिती दर भेटीत बदलत गेली, तर आकड्यांतील फरक सुधारणेचा आहे की बसण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येत नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र दुखापतीचा हात आणि आमवाताचा हात यांत विचाराचाच फरक आहे, आणि चांगल्या प्रशिक्षणात तो स्पष्ट व्हायला हवा. दुखापतीनंतर विश्रांतीचा स्प्लिंट देताना आपण बहुधा मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले आणि पुढचे सांधे सरळ ठेवतो, कारण मुळाच्या सांध्यांचे बाजूचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात आणि आखडत नाहीत. हीच स्थिती आमवाताच्या सुजलेल्या हातावर लादणे योग्य नव्हे. तेथे मनगट सरळ किंवा किंचित मागे, बोटे आरामात थोडी वाकलेली, आणि करंगळीकडे झुकू पाहणाऱ्या बोटांना सौम्य आधार एवढेच अपेक्षित असते. झुकलेली बोटे जोर लावून सरळ करण्याचा मोह टाळावा.

सांध्यांचे संरक्षण हा विषय तर बहुतेक ठिकाणी सूचनांचा कागद हातात देऊन संपवला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांच्या चिमटीत १ किलो बल लावले, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलो बल येते. हे समजले की जाड मुठीची लेखणी किंवा रुंद पकडीची किल्ली कशासाठी सुचवायची, ते रुग्णालाही पटते. बरणीचे झाकण उजव्या हाताने उघडताना बोटे करंगळीकडे ढकलली जातात, म्हणून ते डाव्या हाताने, शक्यतो तळहाताचा दाब देऊन उघडायला शिकवतात, आणि बंद करताना उजवा हात वापरायला सांगतात. प्रशिक्षणात अशी कामे प्रत्यक्ष करून, प्रत्येक टप्प्यावर बल कोणत्या सांध्यावर आणि कोणत्या दिशेने येते याचे निरीक्षण झाले पाहिजे.

व्यायामाविषयी अकारण भीती बाळगू नये. आमवाताच्या रुग्णांवरील ‘सारा’ नावाच्या वैद्यकीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यातील ४९० रुग्णांची औषधयोजना किमान ३ महिने स्थिर होती. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर हाताची ताकद व लवचीकता वाढवणारे, प्रत्येकाला अनुरूप असे व्यायाम दिले गेले, त्यांच्या हाताची कार्यक्षमता वर्षभरानंतरही अधिक सुधारलेली होती, आणि त्यामुळे वेदना वाढल्याचे आढळले नाही. सांधे गरम आणि सुजलेले असतील त्या काळात मात्र जोर कमी करून वेदनारहित हालचालीवर भर द्यावा.

प्रतिसाद ३

मी थेरपिस्ट नाही. मला अनेक वर्षे आमवात आहे आणि प्रशिक्षणवर्गात तपासणीसाठी मी माझे हात दिलेले आहेत, म्हणून एवढेच लिहिते. हात लावण्यापूर्वी आज कोणता सांधा सर्वांत जास्त दुखतो हे विचारा, आणि तो शेवटी तपासा. सांधा दाबताना आपली नजर माझ्या बोटांवर नव्हे, चेहऱ्यावर असू द्या. मी ‘दुखते’ म्हणण्याआधी ते तेथे दिसते. सकाळी माझी मूठ वळत नाही आणि दुपारी बरीचशी वळते, त्यामुळे मोजमाप कोणत्या वेळी घेतले याची नोंद ठेवली नाही तर माझी प्रगती आपल्याला चुकीची दिसेल.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासणीची वेळ नोंदवण्याची सूचना मी पहिल्या दिवसापासून पाळेन. मी देखरेखीखालील पर्याय निवडत आहे. एकच शंका उरली आहे: बोटे वाकवणाऱ्या स्नायुरज्जूंची (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांची) शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मी सुरुवातीलाच पाहावेत का?

प्रतिसाद १

सुरुवातीला ते शेजारी बसून पाहावेत, स्वतंत्रपणे नव्हे. जोडलेली स्नायुरज्जू पहिल्या काही आठवड्यांत कमकुवत असते. जास्त ताण आला तर ती तुटते, आणि हालचाल अजिबात झाली नाही तर भोवतालच्या ऊतींना चिकटते. हालचाल केव्हा आणि किती सुरू करायची, हे जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असल्याने शल्यचिकित्सकांशी बोलूनच ठरवतात. त्याआधी बोटाचे टोक खाली लोंबकळणारी दुखापत हाताळायला घ्या. तिच्यात टोकाकडचा सांधा सहसा ६ ते ८ आठवडे सतत सरळ ठेवावा लागतो, आणि तो मध्येच एकदा वाकला तरी भरून येण्यात खंड पडतो. स्प्लिंट काढून त्वचा स्वच्छ करताना बोटाचे टोक टेबलावर टेकवून सरळच कसे ठेवायचे, हे रुग्णाकडून आपल्यासमोर करून घ्या आणि पुढच्या भेटीत ते पुन्हा करून दाखवायला सांगा.