मदत हवी आहे: कायम नाइट शिफ्ट, टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) सॅम्पल नेमकं कधी द्यायचं?

वय ३९, वजन ८८ किलो. दीड वर्ष रात्री १० ते सकाळी ७ ड्युटी. सहा-सात महिन्यांपासून शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही. घरात कुरबुर नाही, बायकोच म्हणाली, "आधी रक्त तपासून घे." थायरॉइड नॉर्मल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. बीपी-डिप्रेशनची गोळी नाही, सिगारेट नाही.

पहाटे ३ चा वडापाव-कटिंग बंद करून आता डब्यात भाकरी आणि मटकीची उसळ. कँटीनवाला अजून विचारतो, "साहेब, रुसलात का?" तीन किलो उतरले. अश्वगंधा दोन महिने घेतली, फरक शून्य. तेव्हा कृपया शिलाजित सुचवू नका.

डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन लिहून दिलंय: उपाशीपोटी, सकाळी ७ ते १० मध्ये, दोन वेगवेगळ्या दिवशी. पण त्या वेळी मी रात्रभर जागून आलेलो असतो. माझी सकाळ होते दुपारी ३ ला! हे त्यांना विचारायचं राहिलं, आता अपॉइंटमेंट थेट पुढच्या महिन्यात. लॅबवाला म्हणतो, "कधीही या." सुट्टी आठवड्याला एकच.

रात्रपाळीवाल्या कुणी ही टेस्ट केली आहे का? सॅम्पल शिफ्टवरून आल्या आल्या दिलंत, दुपारी झोपून उठल्यावर, की सुट्टीत रात्री झोपून दुसऱ्या सकाळी? आणि डॉक्टरांनी कुठला रिपोर्ट ग्राह्य धरला?