काटा माझा, नियम माझा, आणि चमकणारा एक्सल बघून गप्प बसले तीही मीच. आता काय करू?

काटेवाली_खासबाग

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

बेळगावात आमच्या गल्लीच्या मंडळानं मे महिन्याच्या सुट्टीत पोरांची लाकडी गाड्यांची शर्यत घेतली. रिमोटच्या गाड्या नव्हेत. लाकडाचा ठोकळा कापून, घासून पोरांनीच गाडी करायची, खाली चार चाकं, आणि उतारावरून सोडून द्यायची. इंजिन नाही, सेल नाही. अमेरिकेत स्काउटची लहान पोरं खेळतात म्हणे. गल्लीतल्या एकाचा भाऊ तिकडं आहे, त्यानं नियम पाठवले. लांबी सात इंच, रुंदी पावणेतीन इंच, वजन पाच औंस. आम्ही त्याचे १४२ ग्रॅम केले.

लाकूड उद्यमबागेतल्या कारखान्यांतून फुकट आणलं. परदेशी मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्याच्या पाइनच्या फळ्या. चाकं गणपत गल्लीतून एकाच पुडक्यातली. आणि मंडळानं प्रत्येकाला चार चुका मोजून दिल्या. (खिळ्यांना चुका म्हणतात आमच्यात. विनोद करू नका, पुढं खरी चूक येणार आहे.) नियम एका ओळीचा: एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आस) म्हणून याच चुका वापरायच्या, हातानं पॉलिश पेपर मारला तर चालेल. तेल नको, रुळावर सांडतं. शिसपेन्सिलीचं टोक घासून ती पूड घातली तर हरकत नाही.

माझा मसाल्याचा धंदा आहे. पाकिटं भरायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घरात आहे, म्हणून तपासणीला मला बसवलं. अकरा पोरं. विठ्ठलाच्या देवळासमोर प्लायवूडचा बत्तीस फुटी उतार केला होता, दोन पट्ट्यांचा, वरचं टोक माझ्या छातीएवढं उंच. 

आमच्या समोरच्या घरात कन्नड बोलणारं कुटुंब आहे, त्यांची पोरगी पाचवीत. तिनं गाडी एकटीनं केलेली, ते बघताच कळत होतं. एक बाजू जाड, एक बारीक, रंग नेलपॉलिशचा. वजन भरावं म्हणून मागच्या बाजूला रुपयाची नाणी सेलोटेपनं चिकटवलेली. काट्यावर ठेवली, १४५. मी म्हटलं, तीन ग्रॅम जास्त, एक रुपया काढ. तिनं नखानं टेप उकलून काढला. १४१ भरली. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, बोलली काही नाही. तो रुपया टेपसकट माझ्या काट्याशेजारी राहिला.

तिच्यानंतर दोन नंबर सोडून माझ्या पुतण्याची गाडी आली. म्हणजे आमच्या भाऊजींचा मुलगा, आम्ही एकाच घरात वर-खाली राहतो. १४२ ला १४२. गाडी उलटी केली तर एक्सल आरशासारखे. इतर पोरांच्या चुकांच्या डोक्याखाली कारखान्यातले ओरखडे असतात, बोटाला लागतात. इथं बोट फिरवलं तर लोण्यासारखं. मनात आलं. पण भाऊजी समोर उभे, पाठीमागं रांग, ऊन डोक्यावर. "छान घासलंस रे" म्हणून मी शिक्का मारला.

शेवटची शर्यत या दोघांचीच झाली. दोन्ही पट्ट्या आलटून पालटून दोन फेऱ्या. दोन्हीत तो पुढं, वीतभर. ढाल त्याला, पाचशे एक रुपये आणि अर्धा किलो कुंदा.

रात्री जेवताना तोच बोलला. "काकू, त्या चुका मंडळाच्या नव्हंच. बाबांनी मशीन शॉपमध्ये सिल्व्हर स्टीलचं करून आणलंय." मी म्हटलं, मग तू काय केलास? तर भाताकडं बघत म्हणाला, "काय नाय. मी हात लावलो तर वाकडं होतंय म्हणून बाबा देईनात."

तीन आठवडे झाले. कुंदा तर संपला. ढाल खालच्या टीव्हीवर आहे. मी कुणाला बोललेले नाही. आता काढावं की गिळून टाकावं? काढलं तर घरात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आणि पोराला सगळ्या गल्लीसमोर लबाड ठरवायचं का, हा वेगळाच प्रश्न.

---

तंबाखूवाला_निपाणी

ताई, यात विचारण्यासारखं काय आहे? नियम मोडला, ढाल परत. आमच्याकडं वखारीत पोतं काट्यावर चढलं की लोक आकडा नंतर बघतात, आधी अंगठा कुठं टेकलाय ते बघतात. तुम्ही त्या पोरीचा आकडा बघितलात आणि भाऊजींचा अंगठा सोडलात. कडू वाटलं तर माफ करा.

---

टर्नर_उद्यमबाग

सव्वीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनीवर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे त्या एका रुपयाचं ओझं मनावरून उतरवा. पोरगी १४१ वर पळाली, समोरचा १४२ वर. एक ग्रॅम म्हणजे शेकडा एक सुद्धा नाही. त्यानं वीतभर फरक पडत नसतोय. वजनाला मर्यादा का, तर उंचावरून जड गाडी सुटली की तिच्यात ताकद जास्त असते, वाटेत हवा मात्र तेवढीच खाते. आणि वजन मागं ठेवलं तर आणखी बरं, कारण उतारावर गाडीची मागची बाजू जास्त उंचीवर असते, ते वजन जास्त खाली येतं. पोरीनं नाणी मागं लावली होती म्हणता. कुणी शिकवलं तिला? हुशार आहे.

हरवलं ते एक्सलनं. तारेच्या चुकेला डोक्याखाली साच्याच्या पकडीच्या खुणा असतात, अंगही पुरतं गोल नसतं. चाक त्यावर घासत घासत फिरतं. सिल्व्हर स्टीलची कांडी ग्राइंडिंग होऊनच येते, गोल आणि सरळ. त्यावर चाक बसवून फुंकर मारा, थांबता थांबत नाही. तुमच्या भाऊजींनी काम फर्स्ट क्लास केलंय यात वाद नाही. पण ते दहा वर्षांच्या पोराचं काम नव्हे.

दुसरं, तुमच्या नियमातच भोक होतं. "मंडळाच्याच चुका" हे तपासणार कशावरून? आमच्यात ज्याचं माप घेता येत नाही ते ड्रॉइंगवर लिहीत नाहीत. पुढल्या वेळी चुका वाटायच्या आधी प्रत्येक डोक्यावर सेंटर पंचनं एक ठिपका मारा. दहा मिनिटांचं काम, मी येऊन मारून देतो. ठिपका नाही तर गाडी नाही, भाऊजी असो नाहीतर आमदार. आणि वजन झालं की गाड्या एका खोक्यात कुलपात. शर्यत सुरू होईपर्यंत पोराच्या हातात पण नको, बापाच्या हातात तर नकोच नको.

---

अनगोळचा_ओहायोत

मूळचा अनगोळचा, आता इकडं अमेरिकेत. माझा मुलगा दोन वर्षं हीच शर्यत पळाला. इथं तिला पाइनवुड डर्बी म्हणतात. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथं डॉन मर्फी नावाच्या एका कबमास्टरनं, म्हणजे लहान स्काउटांच्या गटाच्या प्रमुखानं, सुरू केली. त्याच्या मुलाला सोपबॉक्स डर्बीत, म्हणजे ज्यात पोरं स्वतः बसून उतारावरून येतात त्यात, पळायचं होतं. वय बसेना, म्हणून बापानं हातात मावेल एवढी गाडी काढली.

सांगायचं काय, तुमच्या घरात घडलं ते इथं दरवर्षी घडतं. पहिल्या वर्षी आमच्या शेजारच्या टेबलावर एक बाप पोराच्या खांद्यावरून वाकून गाडी स्वतःच रुळावर लावत होता, पोरगं बाजूला बिस्किट खात उभं. बऱ्याच ठिकाणी यावर तोडगा म्हणून मोठ्यांची वेगळी शर्यत ठेवतात. तिथं बापांनी लेथ आणा, काय वाटेल ते आणा. पोरांच्यात लुडबूड बरीच कमी होते. पूर्ण थांबत नाही, खोटं कशाला सांगू.

---

बाई_खानापूर

मी शाळेत शिकवते. ओहायोचं नाव निघालंच आहे तर सांगते. तिथल्याच ॲक्रनला १९७३ मध्ये सोपबॉक्स डर्बीच्या राष्ट्रीय शर्यतीत चौदा वर्षांचा मुलगा जिंकला. नंतर गाडीचा एक्स-रे काढला तर पुढच्या टोकात विद्युतचुंबक. सुरुवातीला गाड्या लोखंडी फळीला टेकून उभ्या असायच्या, फळी पुढं पडली की चुंबक गाडीला ओढायचा. मुलगा डोकं मागं टेकवून बटण दाबायचा. दोन दिवसांत बक्षीस काढून घेतलं, दुसऱ्या नंबरच्या मुलाला दिलं. चुंबकाची करणी त्याच्या काकांची होती, इंजिनिअर माणूस. पण टीव्हीवर, पेपरात तोंड दिसलं ते पोराचं.

म्हणून निपाणीकरांचं मला निम्मंच पटतं. ढाल परत जावी, पण पोराकडून हिसकावून नको. तुमचा पुतण्या आपणहून बोललाय. त्याला कुणी विचारलं होतं? जेवताना, तुमच्याच समोर, जिनं शिक्का मारला तिच्यासमोर. त्याला ती ढाल पचत नाहीये. माझ्या वर्गात अशी पोरं बघते. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा असते, बाप रात्रभर जागून प्रतापगड उभा करतो, पोराच्या वाट्याला मावळे मांडणं येतं. परीक्षक आले आणि "हा बुरूज कसा केलास?" म्हटलं की पोरगं बापाचं तोंड बघतं. 

आधी त्याच्याशी बोला, भाऊजींशी नंतर.

---

तंबाखूवाला_निपाणी

बाई, पटलं. पण काटेवाल्या ताईंनी आपली चूक पण गल्लीत सांगावी. एकट्या भाऊजींवर ढकलू नये.

---

काटेवाली_खासबाग

सगळ्यांना धन्यवाद. निपाणीकर, कडू लागलं, पण खरं आहे. माझ्या शंभरच्या पाकिटात मी कायम एकशे एक भरते, गिऱ्हाईक बोलू नये म्हणून. आणि त्या पोरीला तीन ग्रॅमवर अडवलं. अडवायला हवंच होतं म्हणा, नियम होता. पण ज्या बोटानं तिच्या नाण्यांकडं दाखवलं तेच बोट लोण्यासारख्या एक्सलवर फिरवून खिशात घातलं.

झालं ते सांगते. बुधवारी दुपारी पुतण्याला वर बोलावलं. म्हटलं, आपण दोघं मिळून गाडी नव्यानं करूया काय? फक्त चुका. ठोकळा तुझाच आहे, तो तू घासलेला मी बघितलाय. लगेच पळत जाऊन गाडी घेऊन आला. मंडळाच्या उरलेल्या पुडीतून चार चुका घेतल्या, चाकूच्या टोकानं जुने एक्सल काढले. मग ओट्यावर बसून पॉलिश पेपर. चूक चिमटीत धरायची, कागदात गुंडाळायची, फिरवायची. पहिली चूक झाली तेव्हा बोटं काळी, दुसरीच्या वेळी कंटाळला, तिसरी खरंच वाकली. चौथी चांगली झाली. वाकलेली मी दगडावर ठोकून दिली, एवढी लबाडी माझ्याकडून झाली. चाक फिरवलं तर खर्रर्र करून थांबतंय. तो हसायला लागला. म्हणाला, "काकू, हे माझं हाय बघ."

संध्याकाळी भाऊजी आले. मी सरळ सांगितलं की ढाल मंडळात परत जाणार, आणि शिक्का माझा होता तेव्हा माफी मीच मागणार. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सगळेच करतात." मी म्हटलं, सगळ्यांकडं लेथ नाही. त्यावर काही बोलले नाहीत, चहा मात्र अर्धा टाकून गेले. जाऊबाई दोन दिवस वर आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी कोथिंबीर मागायला आल्या.

मंडळाच्या बैठकीत सांगितलं. टर्नरदादा, ठिपक्याची गोष्ट सगळ्यांनी उचलून धरली, तुम्हाला बोलावणार आहेत. मोठ्यांची वेगळी शर्यत म्हटल्यावर तर तिथंच चौघांनी नावं दिली. त्यात आमचे भाऊजी आहेत हे मला दुसऱ्याकडून कळलं.

राहिली पोरगी. ढाल घेऊन समोर गेले तर ती सुट्टीला आजोळी, गोकाकला. तिची आई दारात आली. माझं कन्नड बाजारापुरतं. म्हटलं, "नंदे तप्प री" (माझीच चूक हो), आणि पुढचं मराठीतच सांगितलं, त्यांना सगळं कळतं. त्यांनी ऐकून घेतलं. "इरली बिडरी" (असू दे, सोडा) म्हणाल्या, पण ढाल घेतली नाही. पोरगी आल्यावर तिच्याच हातात द्या, म्हणाल्या, आणि त्या पोराला पण घेऊन या.

तर ढाल आता माझ्याकडं, मिरचीच्या पोत्यांवर. पोरगी एकतीसला येणार आहे. पुतण्या रोज विचारतो, ती आली की परत एकदा पळवायची काय, आता माझ्या चुकांवर. मी म्हटलं, तिला विचार. आणि आधी तिचा रुपया तिला दे. टेपसकट अजून काट्याशेजारी आहे.