कुणी काय विचारले, तेव्हा तुम्ही बोललात? नागपूरकर पुरुषांचे अनुभव

१९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो. १९९९ साली त्रिनिदाद आणि टोबॅगोमधून सुरू झालेला हा दिवस आपल्याकडे शुभेच्छांच्या पलीकडे फारसा जात नाही, म्हणून या वेळी अनुभव मागवले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात आत्महत्येने गेलेल्या १,७०,९२४ व्यक्तींपैकी १,२२,७२४ पुरुष होते, राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा म्हणजे २२,७४६ होता, आणि देशभरातील मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. नागपूरचा पुरुष अबोल आहे, असे म्हणण्याचे धाडस अर्थातच कुणी करणार नाही. तर्री-पोह्यांच्या गाडीवर तो विदर्भाच्या रणजी संघापासून मिहान प्रकल्पापर्यंत कशावरही तासभर बोलतो. फक्त झोप लागत नाही किंवा हप्ता थकला आहे, हे त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणून प्रश्न एकच आहे: कुणी नेमके काय विचारले, तेव्हा तुम्ही बोलू शकलात? उपदेश नको, घडले ते लिहावे. नावे नकोत, वस्ती आणि व्यवसाय पुरे.

अजनी, लोको पायलट

आमच्या नोकरीतील एक गोष्ट सहसा घरी सांगितली जात नाही. रूळ ओलांडणारा माणूस अचानक समोर येतो, आपण हॉर्न वाजवतो, आपत्कालीन ब्रेक लावतो, आणि भरलेली मालगाडी तरीही बरेच अंतर पुढे जाते, कारण तेवढ्या वजनाला थांबायला तेवढी जागा लागतेच. बुटीबोरीच्या पुढे माझ्या बाबतीत हे घडले, तेव्हा मी सारे नियमाप्रमाणे केले. ट्रेन मॅनेजरला, म्हणजे पूर्वीच्या गार्डला, वॉकीटॉकीवरून कळवले, पुढच्या स्थानकावर स्टेशन मास्तरांना मेमो दिला, गाडी नेऊन पोहोचवली आणि रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या जागी, ताटावर बसलो. घास मात्र उतरला नाही. सहकाऱ्यांनी चौकशी केली ती गाडी किती वेळ अडकली याची. तो त्यांचा कोरडेपणा नव्हता. प्रत्येकाने असे काहीतरी पाहिलेले असते आणि ते झाकून ठेवण्याची आमच्याकडची ती रीत आहे. पुढे मी घरी विनाकारण चिडू लागलो, दार आपटले तरी दचकू लागलो. ड्यूटीवर येताना लॉबीत श्वासाची तपासणी होते आणि माणूस प्यायला आहे का, हे यंत्र सांगते; त्याची झोप झाली आहे का, हे सांगणारे यंत्र तेथे नाही. एका ज्येष्ठ लोको निरीक्षकांनी माझ्यासोबत केबिनमधून प्रवास करताना, नजर समोरच्या रुळांवर ठेवूनच, मला विचारले, "झोपेत ब्रेक लावतोस का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले की त्यांनीही वर्षानुवर्षे लावले आहेत. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो, म्हणूनही बोलणे सोपे गेले असावे. बोललो तर वैद्यकीय तपासणीत अनफिट ठरू, ही भीती आम्हा सर्वांना असते आणि ती निराधार नाही. मलाही उपचारांच्या काळात गाडीवरून उतरवून दुसरे काम दिले गेले, भत्ता बुडाला. आज मी पुन्हा गाडी चालवतो.

इतवारी, किराणा दुकानदार

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर पन्नीत घोटून मिळतो आणि तो खाणे हे आमच्याकडे व्यसनापेक्षा दोस्तीच अधिक मानले जाते. तिखट खाल्ले की तोंडाची आग होऊ लागली, तेव्हा मी शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तोंड किती उघडते हे पाहण्यासाठी तेथील तरुण डॉक्टर मुलीने मला स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालून पाहायला सांगितली, दोनच गेली. मी व्याख्यान ऐकण्याच्या तयारीत होतो, पण तिने विचारले, "दिवसात कोणत्या वेळी सर्वांत जास्त लागतो?" रात्री दुकान बंद करून उधारीची वही उघडताना, असे उत्तर दिले आणि त्या वहीतील जी रक्कम बायकोलाही ठाऊक नव्हती ती एका अनोळखी मुलीला सांगून बसलो. त्याच आठवड्यात ती घरीही सांगितली. खर्रा पूर्ण सुटलेला नाही, रात्रीचा सुटला आहे.

मानेवाडा, शिक्षिका

माझे पती केंद्र सरकारी कर्मचारी आहेत. त्यांना पितृत्व रजेचे १५ दिवस मिळतात, आणि ते त्यांनी घेतले म्हणून कार्यालयात त्यांची थट्टा झाली; आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्यात आपला वाटा उचलला. लसीकरणाच्या वेळी परिचारिकेने मला सोडून त्यांना विचारले, "दादा, बाळ रात्री कितीदा उठते?" त्यांना ते ठाऊक होते. बाळाबद्दल बापालाही माहिती असणार हे कुणीतरी गृहीत धरले, याचा त्यांच्यावर झालेला परिणाम मी पाहिला आहे. परतताना त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि रजा संपल्यावर आपण बाळाला परके होऊ, असे भय वाटते म्हणून सांगितले.

धरमपेठ, वकील

हा विषय मला थोडा अडचणीचा वाटतो. पत्नीने मारहाणीची तक्रार केली की पतीच्या मानसिक ताणाची आठवण अचानक सर्वांना होते, असे मी कामात वारंवार पाहते. पुरुषांचे दुःख खरे आहे. मात्र ते बाईच्या तक्रारीला दिलेले उत्तर होऊ शकत नाही.

(हे म्हणणे संकलकाला पूर्ण मान्य आहे. येथील एकाही अनुभवात दुसऱ्यावर हात उगारण्याची सबब शोधलेली नाही, आणि तशी सबब आली तर ती येथे घेतली जाणार नाही.)

नंदनवन, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

१४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. मी रात्री फोन लावून गप्प राहिलो. पलीकडून "आज जेवलात का?" असे विचारले गेले. मेसचे पैसे संपल्याचे मी तोवर कुणालाच सांगितले नव्हते.

सक्करदरा, बांधकाम ठेकेदार

रोजंदारीचे मजूर सकाळी कामासाठी जमतात त्या ठिय्यावरून मी माणसे नेतो. त्यातील एक चांगला मिस्त्री दर बुधवारी गायब असे आणि गुरुवारी पिऊन येत असे. माझ्या माणसांनी त्याला काढून टाकण्याचा सल्ला दिला, परंतु प्यायलेला माणूस वार पाळतो ही गोष्ट मला खटकली. मी त्याला विचारले, "हप्ता कोणत्या वारी असतो?" तो खाली बसला. बायकोच्या नावाने गटाची तीन कर्जे होती, एक फेडायला दुसरे घेतलेले, आणि वसुलीवाला बुधवारी दारात येई, म्हणून हा पहाटेच घर सोडून दिवसभर तुकडोजी चौकाच्या आसपास भटकत असे. म्हणजे दारात बायको एकटीच उभी राहत होती, हेही मी त्याला स्पष्ट सांगितले. आता बुधवारी तो अर्धा दिवस सुट्टी मागून घेतो आणि घरी थांबतो. आम्ही वहीत तिन्ही कर्जे मांडली. सर्वांत लहान फिटले आहे. ते पाहून ठिय्यावरील इतरही आपापले हप्ते घेऊन येऊ लागले आहेत, आणि घटत्या शिलकीवरचे व्याज मला नीट मांडता येत नाही. बँकेतून निवृत्त झालेले कुणी या भागात राहत असल्यास त्यांनी रविवारी सकाळी आठपूर्वी ठिय्यावर यावे. त्यानंतर माणसे कामाला निघून जातात.