प्रतिसाद: दोन फळमाश्या, नुकसान दुप्पट?

दोन परक्या किडी एकाच बागेत आल्या की नुकसान दुप्पट, हे म्हणणं मला सरसकट पटत नाही. हवाईत भूमध्यसागरी फळमाशी 1910 च्या सुमारास पोहोचली. 1945 च्या आसपास आपल्या आंब्यावरची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, तिथे आली आणि सखल भागातल्या बहुतेक फळांवरून तिने पहिलीला हुसकावलं. पहिली उरली ती मुख्यतः थंड, उंच भागात आणि कॉफीच्या फळांवर. केनियात 2003 नंतर डॉर्सॅलिस आल्यावर आंब्यावर असंच घडलं. तिथली मूळची फळमाशी, सेराटायटिस कोसायरा, मागे पडली. कारण एकाच फळात अळ्यांची अन्नासाठी चढाओढ, वर माद्यांची फळावरची मारामारी!

कुठे कोणती माशी उरेल हे असं बदलतं, म्हणून सापळे लावताना एक सांगावंसं वाटतं: मिथाइल युजेनॉल या सापळ्यातल्या आमिषाला डॉर्सॅलिसचे नर येतात, भूमध्यसागरी माशीचे नाहीत. सापळा रिकामा म्हणजे बाग निर्धोक, असं कृपया धरू नका.