मदत हवी आहे : पद्मिनीचे बुश घरी बनवायचे आहेत, मटेरियल तातडीने सांगावे

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे बुश (सांध्यात पिनेभोवती बसणाऱ्या पोकळ नळ्या) बाजारात मिळेनासे झाले आहेत आणि जे एकदा मिळाले ते महिनाभरात झिजले, म्हणून ओळखीच्या टर्नरकडून (लेथ मशीनवर काम करणाऱ्याकडून) नायलॉनचे बनवून घेतले होते. आता तेही बिघडले आहेत. टर्नर येत्या शनिवारी मोकळा आहे, त्यानंतर पंधरा दिवस त्याला वेळ नाही. पितळ घ्यावे की दुसरे काही, एवढेच कृपया लवकर सांगावे. मापे माझ्याकडे आहेत.

लेथवाला :
कोणते बुश? पुढच्या सस्पेन्शनमध्ये बुश असतात, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) डोळ्यांत म्हणजे टोकाच्या गोल भोकांत असतात, स्टार्टरमध्ये असतात आणि गिअरच्या सळयांनाही असतात. पाट्यांचा बुश रबरीच हवा, कारण त्याला पिळवटणे आणि धक्का दोन्ही सोसायचे असते. स्टार्टरला तेल मुरवलेले ब्राँझ लागते. गाडी कोणत्या सालची आहे आणि नेमके काय बिघडले आहे, हे लिहिल्याशिवाय मटेरियल सांगणे योग्य होणार नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर :
माझे मत विचाराल तर सरळ गनमेटल (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) घ्यावे. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) दिला की हवा तसा नग ओतून मिळतो; फक्त धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न शेकडा दीड ते दोनने मोठा ठेवावा लागतो. मी माझ्या जुन्या जीपचे सहा भाग असेच करून घेतले आणि त्यांतला एकही परत काढावा लागलेला नाही.

लेथवाला :
दादा, एवढ्याशा बुशसाठी ओतकाम कशाला? बाजारात गनमेटलचा पोकळ बार मिळतो. शिवाय बुश कुठला ते अजून त्यांनी सांगितलेलेच नाही.

कृष्णाकाठ :
गिअरचे बुश, हे मी गृहीत धरले होते, क्षमस्व. गाडी १९७८ ची आहे, गिअर स्टिअरिंगवर आहे. दुसऱ्यात टाकताना गिअर मध्येच अडकतो, मग गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून सळई हाताने ओढावी लागते. मटेरियल सांगावे, ही पुन्हा विनंती.

घाटवाट :
माझा सल्ला वेगळा आहे. स्टिअरिंगवरचा गिअर काढून टाकून गिअर जमिनीवर घेतला की ही कटकट कायमची संपते. मी दहा वर्षांपूर्वी तसे करून घेतले.

कृष्णाकाठ :
वडिलांचा हात ज्या जागी जात असे, तिथेच मला गिअर हवा आहे. तो बदलायचा नाही.

नोंदणीमार्ग :
या निमित्ताने एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असल्यास ही नोंदणी मिळत नाही, म्हणून काहीही बदलण्यापूर्वी याचा विचार करावा.

लेथवाला :
गाडी १९७८ ची आहे, पन्नास वर्षे पूर्ण व्हायची आहेत. आणि बुश बदलल्याने चासीत फेरफार होत नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे वळू या.

कुर्ला_गॅरेज :
ही गाडी जिथे तयार होत असे त्या कुर्ल्यातच मी पंचवीस वर्षे टॅक्सी दुरुस्त केल्या. बॉनेट उघडून सळई सोडवणे आमच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला येत असे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षे भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून त्या सगळ्याच गेल्या, त्या दिवशी फार वाईट वाटले. आता कामाचे. बुश नवा आणि पिन जुनी, ही चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. पिन गोल राहिली आहे का, हे व्हर्नियरने दोन्ही बाजूंनी मोजले का?

थ्रीडी_पुणे :
टर्नरची वाट पाहण्याची गरजच नाही. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट काढल्यास दोन तासांत बुश हातात येईल. फाइल मी करून देतो.

लेथवाला :
पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी, ते एक दिवसही टिकणार नाही. माप आणि आकार तपासण्यासाठी नमुना म्हणून प्रिंट काढावी, त्यासाठी ती उत्तम आहे. गाडीत बसवण्यासाठी नाही.

पॉलिमरकाका :
मी प्लास्टिकच्या व्यवसायातून निवृत्त झालो आहे. नायलॉनचे बुश कोणत्या महिन्यात बसवले आणि गिअर अडकायला कधी सुरुवात झाली, एवढे सांगावे.

कृष्णाकाठ :
मे महिन्यात बसवले, तेव्हा गिअर लोण्यासारखा पडत होता. जुलैपासून अडकू लागला. याचा मटेरियलशी काय संबंध आहे, हे कळले नाही.

पॉलिमरकाका :
सगळा संबंध तिथेच आहे. नायलॉन ओल शोषते; नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजले तर स्वतःच्या वजनाच्या शेकडा नऊच्या आसपास पाणी धरते आणि फुगते. बुश बाहेरून लोखंडी डोळ्यात घट्ट बसलेला असल्यामुळे त्याला बाहेर फुगायला जागा नसते, म्हणून तो आत फुगतो आणि पिनेला आवळतो. टर्नरने मेच्या कोरड्या हवेत अगदी नेमके भोक ठेवले, ते काम त्या दिवसापुरते उत्तमच होते. डेलरिन नावाचे कडक प्लास्टिक घ्यावे, ते भिजून भिजून शेकडा एकाच्या आतच पाणी घेते आणि लेथवर सुरेख कापले जाते.

उद्यमनगर_कोल्हापूर :
काका, गनमेटल तर मुळीच पाणी पीत नाही.

पॉलिमरकाका :
मान्य आहे, पण त्याला तेल लागते. रस्त्याची धूळ त्या तेलात मिसळून खरकागदासारखी पिन घासते. ग्रीसचे निपल बसवून दर महिन्याला ग्रीस भरण्याची तयारी असेल, तर गनमेटललाही माझा विरोध नाही.

कृष्णाकाठ :
काल रात्री सळई खोलून पिन मोजली. एका बाजूने १० मिलिमीटर आणि काटकोनात ९.६ भरते. बाजारचा बुश महिनाभरात का गेला, हे आता समजले. पिन कशाची करावी?

कुर्ला_गॅरेज :
त्याच जाडीचा कडक केलेला तयार डॉवेल पिन (नेमक्या मापाचा गोल पोलादी तुकडा) आणून कामी लावावा. आम्ही मोठ्या अॅलन बोल्टचा बिनआट्यांचा भाग कापून वापरत असू.

लेथवाला :
अॅलन बोल्टचा तो भाग मापाला किंचित कमी असतो, म्हणून आधी पिन हातात घ्यावी, मोजावी आणि मग तिच्यावरून बुशचे भोक ठरवावे. भोक आधी थोडे लहान ठेवावे, बुश डोळ्यात दाबून बसवावा आणि शेवटचा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) त्यानंतर फिरवावा, कारण दाबल्यावर भोक आवळते. डेलरिनला पिनेभोवती एक दशांश मिलिमीटर ढिलाई पुरेल.

थ्रीडी_पुणे :
नमुन्याच्या प्रिंटसाठी मापे पाठवलीत तर आजच काढतो, म्हणजे शनिवारचा वेळ वाया जाणार नाही.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. प्रिंट काढून पाहिली, त्यामुळे बुशच्या कॉलरची (बाहेरच्या कडेची) जाडी चुकलेली आधीच लक्षात आली. शनिवारी डेलरिनचे चार बुश आणि डॉवेलच्या दोन पिना बसवल्या. आज भर पावसात सांगलीहून मिरजेला जाऊन आलो, बॉनेट एकदाही उघडावे लागले नाही. जादा बनवून घेतलेले दोन बुश डिकीत ठेवले आहेत.

उद्यमनगर_कोल्हापूर :
उत्तम झाले. तरीही पुढच्या वेळी गनमेटलचा विचार करावा.