मदत हवी आहे: 1 टीबीच्या डिस्कने पूलमधील 1.45 टीबी जागा कशी घेतली?

जकार्ड_सोलापूर :
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या चादरींच्या कारखान्यासाठी प्रॉक्समॉक्सचा (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) नवा सर्व्हर उभा करत आहे. चार डिस्का एकत्र जोडून झेडएफएस या फाईल सिस्टीमचा रेडझेड-1 पूल केला (यात एक डिस्क बिघडली तरी डेटा राहतो), म्हणजे साधारण तीन डिस्कांएवढी जागा हाती यायला हवी. विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला 1 टीबीची डिस्क दिली, तर आत काहीही भरलेले नसताना पूलमधून 1.45 टीबी गेलेली दिसते. हे ब्लॉक साईजमुळे (डेटा एका वेळी केवढ्या तुकड्यात लिहिला जातो, त्यामुळे) होते एवढे वाचनात आले. पण ती 4 के (केबी), 64 के की 128 के ठेवावी, याबाबत ज्याचा त्याचा आकडा वेगळा आहे. परवा सकाळपर्यंत जुन्या सर्व्हरवरचा डेटा इकडे आणायचा आहे. कृपया फक्त आकडा सांगावा.

सात_रस्ता :
नुसता आकडा सांगितला तर तो चुकण्याची शक्यताच जास्त. प्रॉक्समॉक्सची आवृत्ती कोणती, डिस्का केवढ्या, अ‍ॅशिफ्ट (डिस्कच्या सेक्टरचे, म्हणजे लिहिण्याच्या सर्वात लहान भागाचे माप) किती आणि त्या विंडोजमध्ये नेमके काय चालणार आहे, हे आधी कळवावे.

विजापूर_वेस :
आमच्याकडे अनेक वर्षे व्हीएमवेअर आहे. तिथे व्हीएमएफएसचा (व्हीएमवेअरच्या फाईल सिस्टीमचा) ब्लॉक 1 एमबीचा असतो आणि आम्हाला कधीही अडचण आली नाही. माझ्या मते जेवढा मोठा ब्लॉक ठेवता येईल तेवढा ठेवावा.

सात_रस्ता :
ही तुलना इथे लागू पडत नाही. व्हीएमएफएसचा 1 एमबी हे जागा वाटून देण्याचे माप आहे. त्यात 4 के लिहायचे असल्यास 4 केच लिहिले जाते. झेडव्हॉलमध्ये (पूलमधून व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या डिस्कमध्ये) मात्र ब्लॉक हाच लिहिण्याचा घटक असतो. ब्लॉक 64 केचा असेल आणि विंडोजने त्यातील 4 के बदलले, तर संपूर्ण 64 के वाचून, त्यांचा चेकसम (डेटा बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा) नव्याने काढून, तो ब्लॉक दुसऱ्या जागी पुन्हा लिहावा लागतो.

जकार्ड_सोलापूर :
आवृत्ती 7.4, अ‍ॅशिफ्ट 12, डिस्का 2 टीबीच्या चार एसएसडी. ब्लॉक साईजच्या रकान्याला मी हात लावलेला नाही.

सात_रस्ता :
मग कारण स्पष्ट आहे. 7.4 मध्ये रकाना रिकामा ठेवला की 8 के धरले जातात, झेडएफएस 2.2 पासून ते 16 के झाले. अ‍ॅशिफ्ट 12 म्हणजे 4 केचा सेक्टर. 8 केच्या ब्लॉकला डेटाचे दोन सेक्टर आणि पॅरिटीचा (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवून देणाऱ्या माहितीचा) एक असे तीन सेक्टर लागतात, परंतु रेडझेड-1 प्रत्येक वाटप दोनच्या पटीत करते, म्हणून चौथा सेक्टर रिकामाच अडकतो. 8 केसाठी प्रत्यक्षात 16 के जातात. पूल मोकळी जागा दाखवताना मात्र 128 केचा ब्लॉक गृहीत धरतो, आणि त्याला 176 के लागतात. हा हिशेब (16/8 भागिले 176/128) मांडला की तुमचे 1.45 तंतोतंत येते. 16 के ठेवल्यास तोच आकडा 1.09 होईल आणि 64 के ठेवल्यास 1 वर येईल.

बाळीवेस_नेटवर्क :
एवढा हिशेब कशाला? स्टोरेजमध्ये थिन प्रोव्हिजनची (जागा आधी राखून न ठेवता लागेल तशी देण्याची) खूण करावी, 1.45 दिसायचे बंद होईल.

सात_रस्ता :
दिसायचे बंद होईल, लागायचे बंद होणार नाही. डिस्क भरत जाईल तशी तेवढीच जागा जाईल, आणि त्या वेळी कारखाना चालू असेल.

पाणीवेस :
मला वेगळीच काळजी वाटते. त्या एसएसडी घरगुती संगणकाच्या आहेत की वीज गेल्यावर डेटा सांभाळणाऱ्या कपॅसिटरच्या? मध्ये रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्का स्वतःच एकत्र करणारे कार्ड, आहे का? सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद पडला की काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. ब्लॉक साईजआधी यूपीएस आणि एसी पाहावा.

जकार्ड_सोलापूर :
यूपीएस आहे, रेड कार्ड नाही. माझा प्रश्न ब्लॉक साईजचाच आहे. तर मग 64 के ठेवू का? जागा तरी वाया जाणार नाही.

बाळीवेस_नेटवर्क :
होय, 64 केच ठेवावे. आमच्या फाईल सर्व्हरवर तेच आहे.

सात_रस्ता :
फाईल सर्व्हरसाठी ते योग्यच आहे, पण इथे काय चालणार हे दादांनी अजून सांगितलेलेच नाही. आणि एकूण जागा किती हवी आहे?

जकार्ड_सोलापूर :
क्षमस्व, ते सांगायचे राहिले. त्या मशीनवर उत्पादन आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) आहे. दुसऱ्या मशीनवर जकार्डच्या डिझाइन फाईली, त्या सुमारे 600 जीबी. एवढेच.

सात_रस्ता :
हे पहिल्याच वेळी कळले असते तर रेडझेडचा विषयच निघाला नसता. एसक्यूएल सर्व्हरचे पान (तो डेटा ज्या तुकड्यात लिहितो तो) 8 केचे असते. 64 केच्या ब्लॉकवर ते विखरून लिहिले गेले की प्रत्येक वेळी आठपट लिखाण होईल. तुम्हाला 2 टीबीही लागत नाहीत. दोन-दोन डिस्कांच्या दोन मिरर जोड्या (जोडीतील दोन्ही डिस्कांवर तोच डेटा) कराव्यात. 4 टीबी मिळतील आणि मिररमध्ये हे पॅडिंग (रिकामे अडकणारे सेक्टर) मुळातच नसते. ब्लॉक 16 के ठेवावा. डिझाइन फाईलींसाठी त्याच पूलमध्ये वेगळा डेटासेट (पूलचा वेगळा विभाग) करून, तो 64 केचे दुसरे स्टोरेज म्हणून जोडावा. झेडव्हॉलची ब्लॉक साईज नंतर बदलता येत नाही. रकाना बदलला तरी तो नव्या डिस्कांनाच लागू होतो आणि जुन्या डिस्का दुसऱ्या स्टोरेजवर हलवाव्या लागतात. पूल रिकामा आहे तोवरच हे उरकावे. शिवाय 7.4 ला जुलै 2024 पासून अपडेट नाहीत, तेव्हा नवीन आवृत्तीच टाकावी.

विजापूर_वेस :
मिररबाबत मी सहमत आहे. 1 एमबीचा माझा मुद्दा मागे घेतो.

जकार्ड_सोलापूर :
रात्री सर्व पुसून नवीन आवृत्ती टाकली आणि दोन मिरर जोड्या केल्या. 1 टीबीची डिस्क आता 1 टीबीहून किंचितच अधिक दाखवते. डेटाबेसचा बॅकअप आत्ता रिस्टोअर होत आहे. डिझाइनच्या फाईली उद्या दुपारी हलवीन.